गावाच्या पाण्याचं मॉडेल विद्यार्थी आणि गावकरी मिळून कसं बांधतात? शिक्षकांसाठी पायरीपायरीने

तुम्ही भूगोल, पर्यावरण, कृषी, समाजकार्य किंवा स्थापत्य अभियांत्रिकी शिकवत असाल आणि फील्ड प्रोजेक्टचे किंवा समुदाय सहभागाचे क्रेडिट तुमच्या वाट्याला आले असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. शाश्वत विकासाचं नियोजन शिकवायचं म्हणजे काय करायचं, हा प्रश्न नव्या शिक्षकाला पडतोच. व्याख्या सांगून, पीपीटी दाखवून नियोजन येत नाही. माहिती अर्धवट आहे, माणसांचे हितसंबंध वेगळे आहेत आणि तरीही पेरणीच्या आत काहीतरी ठरवायचं आहे, अशा अवस्थेत बसून विचार करायची सवय लागावी लागते. त्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत म्हणजे सहभागी मॉडेलिंग. विद्यार्थी आणि गावकरी एकत्र बसून गावाच्या पाण्याचं साधं मॉडेल, म्हणजे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचं चित्र आणि हिशेब, बांधतात, त्यावर भांडतात, दुरुस्त करतात आणि मग त्याच्या आधारे पर्याय तपासतात.

ही पद्धत नवी नाही. एमआयटीत जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात साठे आणि प्रवाह यांच्या भाषेत व्यवस्था मांडायला सुरुवात केली. पुढे अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये असं मॉडेल तज्ज्ञाने एकट्याने न करता संबंधितांच्या गटाने मिळून करायची रीत रुजली. फ्रेंच संशोधकांनी सेनेगलमधल्या सिंचनाच्या प्रश्नावर शेतकऱ्यांसोबत भूमिका-खेळ आणि संगणकी मॉडेल जोडून काम केलं. आपल्याकडे हिवरे बाजारात पावसाळा संपला की गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाऊस कमी झाला असेल तर रब्बीचं क्षेत्र आवरतं घेतात. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी, पिकं नंतर. मॉडेल हा शब्द तिथे कुणी वापरत नसेल, पण काम तेच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तयार मॉडेल घेऊन वर्गात जाऊ नका. तुमच्याकडे कितीही सुबक एक्सेल शीट असलं तरी ते बंद ठेवा. विद्यार्थ्यांनी कोऱ्या कागदापासून सुरुवात केली तरच कुठला आकडा कुठून आला आणि कुठला आपण गृहीत धरला, हे त्यांच्या लक्षात राहतं.

१. गाव निवडा आणि प्रश्न लहान करा

कॉलेजपासून तासाभराच्या आतलं गाव घ्या, कारण पुन्हा पुन्हा जावं लागतं. एनएसएसचं शिबिर जिथे होतं ते गाव सोयीचं पडतं, कारण ओळखी आधीच असतात. सरपंच आणि ग्रामसेवक यांच्याकडे कॉलेजचं पत्र द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. गावातला एक दुवा शोधा. जलसुरक्षक, आशाताई, बचत गटाची अध्यक्ष, शाळेतले गुरुजी, कुणीही चालेल. फक्त तो माणूस गावातल्या एकाच गटाचा समजला जात नसावा.

प्रश्न असा घ्या की ज्याचं उत्तर गावाला खरंच हवं आहे. ‘गावाचा शाश्वत विकास’ हा प्रश्न नव्हे, मथळा आहे. ‘यंदाच्या पावसावर रब्बीत किती क्षेत्र ओलिताखाली घेतलं तर मे महिन्यात टँकर लागणार नाही?’ हा प्रश्न आहे. त्याला हद्द आहे, मुदत आहे आणि निर्णय घेणारी माणसं आहेत.

काम सुरू करायला ऑक्टोबर उत्तम. पाऊस संपलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात आणि रब्बीचा निर्णय व्हायचा असतो. जानेवारीत सुरू केलंत तर कांदा लागलेला असतो आणि तुमच्या मॉडेलला कुणी विचारत नाही.

२. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:

- गाव नकाशा, गट नंबरांसह. महाभूनकाशावर मिळतो, नाहीतर तलाठी कार्यालयात.
- भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट. ओढे आणि चढउतार त्यावर कळतात.
- महसूल मंडळाचा पाऊस, शक्यतो १० वर्षांचा आणि रोजचा. नुसती वार्षिक बेरीज पुरत नाही.
- पीक पेरा. ई-पीक पाहणीतला आणि गावाने तोंडी सांगितलेला, दोन्ही. दोहोंत फरक निघाला तर तो फरक हाच चर्चेचा विषय.
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीची नोंद. या पातळ्या वर्षातून चार वेळा घेतात. तुमच्या गावात विहीर नसेल तर त्याच पाणलोटातली जवळची घ्या.
- लोकसंख्या आणि जनावरं. २०११ची जनगणना जुनी झाली, त्यामुळे ग्रामपंचायतीचा आजचा आकडा घ्या. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं किती महिने बाहेर असतात, तेही विचारा.

गाव अटल भूजल, जलयुक्त शिवार किंवा पोकरा अशा एखाद्या सरकारी योजनेत असेल तर पाण्याचा एखादा ताळेबंद आधीच झालेला असेल. तो मिळवा, पण पाकिटात बंद करून ठेवा. विद्यार्थ्यांचा ताळेबंद पूर्ण झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघायचे.

सामान फार लागत नाही. ५० मीटरची टेप, वजन बांधलेली दोरी, रांगोळी, चुना, चिंचोके, कार्डशीट, जाड मार्कर, एक लॅपटॉप. लॅपटॉप एकच ठेवा. दोन झाले की संगणकात हुशार असलेली मुलं तिकडे सरकतात आणि बाकीची मोबाईल बघत बसतात. सॉफ्टवेअर म्हणाल तर कुठलंही स्प्रेडशीट, नकाशासाठी क्यूजीआयएस आणि कारण-परिणामांच्या बाणांची चित्रं (पायरी ५) हलती दाखवायला लूपी. ही दोन्ही फुकट आहेत.

३. शिवारफेरी, पण त्याआधी एक कोरा कागद

गावात जायच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याला एक कोरा कागद द्या आणि लिहायला सांगा, ‘या गावात उन्हाळ्यात पाणी का कमी पडतं? कारणं आणि त्यांचे परिणाम बाणांनी जोडा.’ पंधरा मिनिटं पुरेत. कागद गोळा करा आणि जपून ठेवा. शेवटी मूल्यमापनाला हेच कागद लागणार आहेत.

मग शिवारफेरी. वरच्या अंगाला, पाणलोटाच्या माथ्यावरून सुरू करा आणि ओढ्याच्या कडेने गावाच्या शिवेपर्यंत उतरा. विहिरी मोजताना मुलांना दोन गोष्टी विचारायला लावा. मोटर किती तास चालली की विहीर बसते, आणि बसलेली विहीर पुन्हा भरायला किती वेळ लागतो? शेतकऱ्याला हे अचूक माहीत असतं आणि भूजलाबद्दल यातून जे कळतं ते कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. जुनी माणसं विहिरीची खोली ‘परस’ या जुन्या मापात सांगतात. तुमच्या परसाचे फूट किती, हे त्याच माणसाला विचारून तिथेच लिहून घ्या आणि दोरी सोडून ताडून बघा.

४. जमिनीवर नकाशा

देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात गावाचा नकाशा रांगोळीने काढा. छापील नकाशा आणू नका. छापील नकाशा पसरला की तो वाचता येणारी दोन-चार माणसंच बोलतात. रांगोळी मात्र कुणालाही पायाने पुसता येते.

या बैठकीत काय होतं याचं एक उदाहरण देतो. आमच्या मुलांनी ओढा काढला, बंधारे मांडले, विहिरींच्या जागी चिंचोके ठेवले. नकाशा पूर्ण झाला असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात कडेला उभ्या असलेल्या एका आजींनी पुढे येऊन वस्तीवरच्या हातपंपाच्या जागी खडा ठेवला आणि म्हणाल्या, “हा फाल्गुनातच कोरडा पडतो. वरच्या मळ्यात कांद्याला पाणी चालू झालं की आठ दिवसांत.” मळ्याचे मालक तिथेच बसले होते. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग म्हणाले, “आठ नाही, पंधरा दिवस लागतात.” विहीर आणि हातपंप एकाच पाण्यावर आहेत, हे दोघांच्या वादातूनच कबूल झालं. विद्यार्थ्यांनी ते वहीत लिहिलं आणि तिथून मॉडेलमध्ये एक नवा बाण आला.

म्हणून बायकांची बैठक वेगळी घ्या, त्यांच्या सोयीच्या वेळी. भूमिहीन कुटुंबं, धनगर, वस्तीवरचे लोक यांच्याकडे आपण जायचं, त्यांना देवळाकडे बोलवायचं नाही. ही पायरी गाळली तर मॉडेल फक्त विहीरमालकांचं होतं.

५. बाणांचं चित्र

आता कार्डशीटवर कारण आणि परिणाम जोडायचे. दोन-तीन चक्रं जवळजवळ प्रत्येक गावात निघतात.

पहिलं बोअरचं. पातळी खाली जाते, ज्याला झेपतं तो खोल बोअर घेतो, शेजारची विहीर आटते, शेजारीही कर्ज काढून बोअर घेतो, पातळी आणखी खाली जाते. दुसरं ठिबकचं. ठिबकने एकरी पाणी वाचतं, वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले जातात, एकूण उपसा तेवढाच राहतो किंवा वाढतो. ठिबक म्हणजे बचत असं शाळेपासून शिकलेली मुलं इथे थबकतात. थबकू द्या, लगेच उत्तर देऊ नका. वाचलेलं पाणी नक्की कुठे जातं, हे त्यांना शिवारातल्या माणसालाच विचारू द्या.

चित्रात पंधरापेक्षा जास्त शब्द आले की ते कुणालाच वाचता येत नाही. जास्तीचे शब्द वेगळ्या कागदावर ‘बाहेर ठेवलेलं’ म्हणून लिहा. काय बाहेर ठेवलं आणि का, हे सांगता येणं हेही नियोजनाचंच कौशल्य आहे.

६. ताळेबंद मांडा

इथे घाई करू नका. सगळ्या लेखात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी.

एकक टीसीएम घ्या, म्हणजे हजार घनमीटर. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ टीसीएम पाणी होतं. एवढं एक वाक्य पाठ असलं की बाकी हिशेब तोंडी होतो.

समजा गाव १,००० हेक्टरचं आहे, पाऊस ४५० मिलिमीटर, लोकसंख्या १,५००. पडलेलं पाणी ४,५०० टीसीएम. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या मापाने वर्षभराचं पिण्या-वापरण्याचं पाणी होतं ३० टीसीएम. जनावरांचे ९ धरा. मुलं हे बघून चकित होतात. पडलं त्याच्या एक टक्क्याहून कमी पाणी लागतं, तरी टँकर का?

इथेच पहिला सापळा आहे. ४,५०० मधून गरजा वजा करत सुटलं तर गाव पाण्याने समृद्ध दिसतं. पण त्यातलं बहुतेक पाणी खरिपाची पिकं, गवत, झाडं आणि ऊन घेऊन जातं, काही ओढ्याने शिवेबाहेर जातं. आपल्या काळ्या पाषाणात मुरणारा वाटा लहान. खडक कुजलेला आणि भेगाळ असेल तर जरा जास्त, घट्ट असेल तर कमी. आपण १० टक्के गृहीत धरू. म्हणजे ४५० टीसीएम जमिनीत आणि समजा १५० टीसीएम बंधाऱ्यांत. पावसाळ्यानंतर हाताशी ६००.

आता मागणी. कांदा ६० हेक्टर, ५०० मिलिमीटरने ३०० टीसीएम. गहू ३० हेक्टर, ४०० मिलिमीटरने १२०. ऊस २० हेक्टर. त्याला वर्षाला ठोकळमानाने २,००० मिलिमीटर लागतात. पावसाचे ४५० वजा करून विहिरीतून ३१० टीसीएम. माणसं आणि जनावरं ३९. बेरीज ७६९. तूट १६९ टीसीएम.

गावाच्या जमिनीपैकी दोन टक्क्यांवरचा ऊस हाताशी असलेल्या पाण्यातला निम्म्याहून अधिक वाटा घेतो आणि पिण्याला लागतात जेमतेम पाच टक्के. तरीही टँकर पिण्यासाठीच येतो, कारण पिण्याचं पाणी एप्रिल-मेमध्येही लागतं आणि तोवर बाकीच्यांनी आपापलं घेतलेलं असतं. वार्षिक बेरजेत हे दिसत नाही. म्हणून हाच ताळेबंद महिन्यामहिन्याने मांडायला लावा.

मग कुणीतरी उभं राहून विचारेल, “सर, १० टक्के कशावरून?” या प्रश्नाची वाट बघा. विद्यार्थ्यांना सांगा की तो आकडा बदलून बघा. ७ टक्के धरले तर हाताशी ४६५ आणि तूट ३०४. १२ टक्के धरले तर हाताशी ६९० आणि तूट ७९. तुटीचा आकडा हलतो, पण तूट राहतेच. आकडा पक्का माहीत नसतानाही काही निर्णय पक्के करता येतात आणि काहींसाठी मात्र आधी मोजमाप लागतं, हा फरक मुलांना इथे हाताने कळतो.

आणखी सापळे:

- प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं विहिरीतून भरलं असेल तर ते नवं पाणी नाही. तेच पाणी वर आणून उन्हात ठेवलेलं असतं. जमेच्या बाजूला धरू नका.
- बंधाऱ्यातलं पाणी मुरून विहिरीत येतं. ते साठ्यातही आणि पाझरातही मोजलं की दोनदा जमा होतं.
- गावाची शीव आणि पाणलोटाची हद्द एक नसते. वरच्या गावाने ओढा अडवला तर तुमचा हिशेब बदलतो.
- एकर आणि हेक्टरची गल्लत. शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो. वहीत एकरच लिहा, हेक्टर नंतर करा.

या सगळ्यासाठी एक गृहीतकांची वही ठेवा. प्रत्येक आकड्यापुढे तीन रकाने: कुठून आला, कुणी सांगितला, किती भरवसा. वही एका विद्यार्थ्याकडे कायमची देऊ नका, दर बैठकीला हात बदला.

७. ‘असं झालं तर?’ चिंचोक्यांचा खेळ

एका परातीत ६० चिंचोके ठेवा. एक चिंचोका म्हणजे १० टीसीएम. गट पाडा: बागायतदार, कोरडवाहू, पशुपालक, भूमिहीन, पाणीपुरवठा समिती. पहिली फेरी न बोलता. प्रत्येक गट चिठ्ठीवर आपली मागणी लिहितो, चिठ्ठ्या एकदम उघडतात. दुसऱ्या फेरीत बोलायला परवानगी. पावसाची चिठ्ठी दर फेरीला वेगळी. आंध्र प्रदेशात भूजल आणि पीकनिवडीचा असाच खेळ प्रत्यक्ष शेतकऱ्यांसोबत खेळला गेला आहे. भूमिका उलट्या वाटा, बागायतदाराच्या मुलीला भूमिहीन करा.

तिसऱ्या फेरीत नियम बदलायची मुभा द्या. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिची तत्त्वं इथे सांगा. पाणी जमिनीच्या मालकीवर न देता माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, ऊस नाही. हा नियम लावला तर आपल्या ताळेबंदाचं काय होतं, हे मुलांना शीटमध्ये करून बघू द्या. सगळ्यांना तो पटणार नाही. पटावाच असा आग्रह धरू नका. ऊस लावणाऱ्या घरातला मुलगा “कारखान्याचा हमीभाव आहे, कांद्याचं काय?” असं विचारतो तेव्हा तो विषयाबाहेर जात नसतो. बाजारभाव मॉडेलमध्ये का नाही, याचं उत्तर गटाने द्यायचं आहे.

८. गावासमोर मांडणी

ग्रामसभेत थेट जायच्या आधी छोट्या बैठकीत मांडा. स्लाइड नकोत, तोच जमिनीवरचा नकाशा आणि चिंचोके. विद्यार्थ्यांना एकच शिस्त घाला. ‘तुम्ही ऊस बंद करा’ असं म्हणायचं नाही. ‘अमुक हेक्टर धरले तर मार्चमध्ये एवढं उरतं, तमुक धरले तर एवढं’ असं म्हणायचं. निर्णय गावाचा. एखाद्याची विहीर किंवा बोअर नावानिशी दाखवू नका. मॉडेलचा वापर गावातल्या जुन्या भांडणात झाला तर पुढच्या वर्षी तुम्हाला गावात पाऊल टाकता येणार नाही.

९. गुण कशाला द्यायचे?

तुटीचा आकडा ‘बरोबर’ आला का, याला गुण देऊ नका. त्याच प्रश्नावर पुन्हा कोरा कागद द्या आणि पहिला कागद शेजारी ठेवा. पहिल्या कागदावर बहुधा ‘पाऊस कमी, जागृती कमी’ एवढंच असतं. दुसऱ्यावर चक्रं दिसतात का, उशिराने होणारे परिणाम दिसतात का, माणसांचे वेगवेगळे गट दिसतात का, ते पाहा. काही गुण गृहीतकांच्या वहीला. आणि तोंडीला एकच प्रश्न विचारा, ‘तुमच्या मॉडेलमधला सर्वांत कच्चा आकडा कुठला आणि तो पक्का करायला तुम्ही काय मोजाल?’ ज्याला याचं उत्तर देता येतं, त्याला काम समजलं आहे.

काम संपल्यावर ताळेबंदाची मराठीत छापलेली प्रत ग्रामपंचायतीला द्या, शीट आणि वही विभागात ठेवा. मे महिन्यात त्याच विहिरींची पातळी मोजायला दोन-चार विद्यार्थी पाठवा. मॉडेलने सांगितलेली आणि दोरीने मोजलेली पातळी शेजारी लिहून ठेवा. पुढच्या बॅचने सुरुवात त्या दोन रकान्यांपासून करायची.